चिन्नोरचा वास

मधुसूदनचं काम तसं साधंच होतं. देशातल्या अभयारण्यांची नोंद करणारं एक मंडळ होतं. त्यांच्यासाठी गीरपासून काझीरंग्यापर्यंत हिंडायचं, फोटो काढायचे आणि ओल्या मातीत उमटलेल्या पंजांचे प्लास्टरचे ठसे घेऊन यायचे. नागपूरला वाडीत, ट्रान्सपोर्टच्या गोदामांमागे त्याच्या भाड्याच्या दोन खोल्या होत्या. एकीत ठसे, दुसरीत आई, सिंधूताई. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यापर्यंत धाकटा केशवही होता.

त्या उन्हाळ्यात भंडाऱ्याकडच्या जंगलात, नाल्यावर राहिलेली मधुसूदनची कॅमेऱ्याची पिशवी आणायला केशव मागे गेला तो गेलाच. सापडली एक चप्पल आणि वाघाची पावलं. मागच्या डाव्या पंजाला एक बोट कमी. गावकऱ्यांनी तिथे दगडांचा ढीग रचला. वाघानं माणूस नेला की तिकडे असंच करतात, आणि येणारा-जाणारा त्यावर एकेक दगड टाकतो. सिंधूताईंनी मात्र दिवस केले नाहीत, पोराचं ताटही फळीवरून हलवलं नाही. "माती पाहिल्याबिगर मी मानत नाही," एवढंच म्हणाल्या.

पुढच्या वर्षी कामानं मधुसूदनला पुन्हा त्याच नाल्यावर नेलं. ढिगाशेजारी ताजं पाऊल होतं, एक बोट कमी असलेलं. आभाळ भरून आलेलं, आणि प्लास्टर ओतताना पावलाभोवती बसवायचं पत्र्याचं कडं लांब जीपमध्ये राहिलेलं. त्याचा हात ढिगाकडे गेला.

वनरक्षक देवाजीनं तो हात धरला.

"ते दगडं नका उचलू, साहेब. त्यायनं बसवून ठेवलं हाये तुमच्या भावाले. उठला त वाघाच्या पुढं चालन अन् त्याले आपलं घर दाखवन."

"माझा भाऊ दगडाखाली नाही, देवाजी!"

वर्षभर त्या ढिगानं त्याचा जीव खाल्ला होता. त्यानं दगड गोल मांडून ठसा घेतला, आणि मग ते दगड आणि उरलेला ढीगही ओंजळी-ओंजळीनं नाल्यात फेकून दिला. मन हलकं झालं त्याचं. विनाशकाले विपरीत बुद्धी म्हणतात ती हीच.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला तो घरी ठसा घासत बसला होता. सिंधूताईंनी देवाजवळ दिवा लावला आणि थबकल्या.

"मधू, चिन्नोर कोण शिजवून राहिलं गा?"

घरात चूल पेटलेली नव्हती. पण वास होता. नव्या चिन्नोर तांदळाच्या भाताचा, गरम, गोडसर. केशवला तो भात जिवापाड आवडायचा. आईचा चेहरा उजळला, मधुसूदननं मात्र घासणं थांबवलं. वाघ झाडावर लघवीचा फवारा मारून आपली हद्द आखतो, त्या फवाऱ्याला हुबेहूब असाच वास येतो, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. त्यानं ठसा नाकाशी धरला. नुसतं कोरडं प्लास्टर. वास दाराकडून येत होता.

"आई… भूक लागली वं…"

आवाज केशवचाच. मधुसूदन ठसा खाली ठेवून उठला. धावत जाऊन मिठी मारावी असं वाटलं, आणि तेवढ्यात त्याच्या हातांनी कडी लावली.

"सालभर वाट पाहून राहिली मी, अन् तू दार लावतं?" सिंधूताई त्याच्या छातीवर बुक्क्या मारू लागल्या. "केशव नाही त कोण हाये तो? सांग न!"

"केशवच आहे, आई… पण एकटा नाही."

त्या मागे सरल्या. फळीवरचं ताट मांडीवर घेऊन बसून राहिल्या. बाहेरून एक ट्रक गेला, मग सारं शांत. मधुसूदननं ठरवलं, पहाटेच्या एसटीनं जायचं आणि नाल्यातला दगड न् दगड परत रचायचा. पिशवी भरायला तो आतल्या खोलीत गेला. तेवढ्यात कडी वाजली.

कंदील घेऊन तो अंगणात धावला. धुळीत आईची अनवाणी पावलं गोदामामागच्या बाभळींकडे गेली होती. शेजारून पंजे होते, मागच्या डाव्याला एक बोट कमी. केशवचं पाऊल कुठेच नव्हतं. पुढे रिकामं ताट पडलं होतं. सिंधूताई सापडल्या नाहीत.

मग त्यानं अंगणातच दगडांचा ढीग रचला. ट्रकवाल्यांच्या हातापाया पडून तो एकेक दगड टाकून घ्यायचा. काही टाकत, बरेच हसत.

आताही रोज दिवेलागणीला तो वास येतो.

"मधू… ताट वाढलं गा… केशव थांबून राहिला तुयासाठी…"

कडी लावून, कानांत बोटं घालून तो लहान पोरासारखा रडतो. सकाळी दार उघडावं तर ढिगातले दगड उंबऱ्यासमोर गोल मांडलेले असतात, ठसा घेताना मांडतात तसे. मधली माती ओली असते, आणि कोरी, त्याच्या पावलाची वाट पाहत.