पहिल्या धारेचं नाव

छत्तीसगड वेगळं झालं त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात हिरालालने चिंतामणला जवळजवळ उचलूनच जीपमध्ये घातलं. दोघेही बालाघाटच्या बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. नोकरीत जिल्ह्यातल्या कच्च्या सडका मोजता मोजता गावोगाव मित्र झाले होते, आणि दर उन्हाळ्यात त्या मित्रांच्या घरी एक फेरी ठरलेली. तोवर मोहफुलं वेचून, वाळवून, मडक्यात आंबवून झालेली असायची आणि घरोघरच्या भट्ट्या पेटलेल्या असायच्या. मित्रही भेटायचे आणि पहिल्या धारेचीही चव मिळायची. एका दगडात दोन पक्षी, असं हिरालाल म्हणायचा. घरी सांगताना मात्र एकाच पक्ष्याचं नाव घ्यायचा.

मागच्या वर्षी चिंतामण गेला नव्हता. फेरीच्या तोंडावरच त्याची बायको अलकनंदा वारली. हिरालाल एकटाच जाऊन आला. तेव्हापासून चिंतामणच्या जिभेची चव गेली होती. मीठ आणि साखर त्याला सारखीच. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, धक्का बसलाय, येईल हळूहळू. चवीचं त्याला एवढं नव्हतं. खुपत होतं ते वेगळंच. जन्माची सोबतीण गेली आणि त्याच्या डोळ्यातून टिपूस आलं नव्हतं. मुलगी श्रद्धा रडून रडून आजारी पडली, आणि हा भिंतीला टेकून पंख्याकडे बघत बसलेला. निदान एकदा तिच्यासाठी रडता यावं, एवढंच त्याला हवं होतं. जुन्या माणसांत गेल्यावर जमेल कदाचित, असं वाटून तो जीपमध्ये बसला.

लांजीच्या रस्त्याला लागल्यावर हिरालालने नाक ओढलं.

"घरूनच लावून आला का रे? मोहाचा वास येऊन राह्यला."

"मले कुठून भेटते मोहाची?" चिंतामण म्हणाला.

हिरालाल हसला आणि त्याने पुन्हा एकदा वास घेतला.

लांजीला जुन्या मित्राच्या, प्रेमलालच्या, घरामागच्या अंगणात भट्टी लागली होती. त्याची बायको तुळसाबाई वरच्या भांड्यातलं तापलेलं पाणी काढून गार पाणी घालत होती. नळीतून पहिली धार पळसाच्या पानांच्या दोन्यात पडायला लागली. इकडची रीत अशी, की पहिली धार कोणी थेट तोंडाला लावायची नाही. गेलेल्या माणसाचं नाव मोठ्याने घ्यायचं, चार थेंब जमिनीवर सांडायचे, मग बाकीच्यांनी दोने उचलायचे. माती गेलेल्याचेच थेंब पिते, असं मानत.

"वहिनीले तू आपल्या हातानं देल्लंच नाही," हिरालालने दोना चिंतामणच्या हातात दिला. "दे."

चिंतामणने उभ्या जन्मात चारचौघांत बायकोचं नाव घेतलं नव्हतं. त्याने घसा साफ केला.

"अलकनंदा."

थेंब जमिनीवर पडले आणि तसेच राहिले. अळूच्या पानावर पाणी राहावं तसे गोल, चकचकीत. सगळे वाकून बघत होते.

"आंगण आजच सारवलं ना, भाऊ," तुळसाबाई म्हणाली. "म्हणून असन."

मग प्रेमलालने आपल्या भावाच्या नावाने तिथेच, वीतभर अंतरावर, चार थेंब टाकले. ते पडल्या पडल्या आत गेले. प्रेमलालने विषय बदलून धानाचा भाव काढला. जेवताना तुळसाबाईने वाढलेलं वांग्याचं भरीत चिंतामणने संपवलं, छान झालंय म्हणाला, आणि त्याला भरीत आणि भात यांत काही फरक कळला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते बिरसा गावाकडे निघाले. सालवृक्षांच्या जंगलातून गरम वारा येत होता. रस्त्यात एका हॉटेलात चहा घेतला, तेव्हा हॉटेलवाल्याने चिंतामणकडे बघून ग्लास जरा लांबूनच सरकवला. इतक्या सकाळीच हा पिऊन आलाय, असं त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

बिरशाच्या पुढे चैतरामचं घर. चैतराम पूर्वी त्यांच्या सडकेवर मुकादम होता. त्याची आई मैनाबाई अंगणातल्या मोहाखाली भट्टी लावायची. इथे सारवण नव्हतं. भुसभुशीत, तापलेली, वर्षभराची तहानलेली माती. चिंतामणला जरा बरं वाटलं.

त्याने नाव घेतलं. थेंब टाकले.

थेंब तसेच राहिले. एक मुंगळा आला आणि त्यांना वळसा घालून गेला.

मैनाबाई चुलीपुढून उठली. चिंतामणच्या अगदी जवळ येऊन तिने वास घेतला.

"मुँह खोलो, साहब."

का कोण जाणे, त्याने तोंड उघडलं. म्हातारीने त्याच्या जिभेवरून बोट फिरवलं आणि सगळ्यांना दाखवलं. बोटावर ओली लाल माती होती.

चिंतामणने सकाळीच दात घासले होते. कुठली माती, असं तो विचारणार होता. कोणालाच ते माहीत नसणार, हे त्याने ओळखलं.

"पिछले साल इनके घर का किसने दिया?" मैनाबाईने विचारलं.

"मैंने, माई," हिरालाल म्हणाला. "इसी जगह. इनकी घरवाली के लिए."

"नाम क्या लिया?"

हिरालाल चिंतामणकडे वळून म्हणाला, "वहिनीचं नाव मी कसं घेऊ? आपल्यात घेत नाही ना. चिंतामणच्या घरवालीसाठी, असं म्हणाचं होतं मले. मनात तेच होतं. तोंडातून निस्तं तुह्यं नाव निंगालं."

"आणि थेंब?" चिंतामणने विचारलं.

"लगेच गेलते आत."

चैतराम उगाचच चुलीत लाकूड सारत होता.

मैनाबाईने सगळ्यांना दोने दिले. चिंतामणलाही दिला. त्याने तो एका दमात रिकामा केला. पाणी.

ती त्याच्याकडे बघत होती. मग तिने दुसरा दोना भरला, मोहाच्या बुंध्याशी वाकली.

"चिंतामण," ती म्हणाली, आणि दोना ओतला.

मातीने तो गटकन घेतला.

चिंतामणच्या जिभेवर ऊन धार आली. कडू, धुरकट, मागे फुलांचा गोडवा. घशातून खाली जळत गेली. वर्षभराने त्याला चव कळत होती. हातातला दोना रिकामाच होता.

त्याचे डोळे भरून आले. तो खाली बसला आणि लहान मुलासारखा मोठ्याने रडायला लागला. सगळं वर्ष एकदम आलं.

"रड, रड," हिरालाल त्याच्या पाठीवरून हात फिरवत होता. तोही रडत होता. "वहिनीसाठी रड."

रडता रडता चिंतामणने मान वर केली. मैनाबाईने झाडू घेतला होता. ती झाडाखालची राख आणि पानं लोटत आली, आणि अलकनंदाच्या थेंबांपाशी थबकली. ते अजून तसेच होते.

म्हातारी कमरेत वाकली.

"थोड़ा सरको, बाई," ती त्या रिकाम्या जागेला म्हणाली.

ती क्षणभर थांबली. मग तिने तिथेही झाडू फिरवला.