फरकाची पेटी

त्या वर्षांत संध्याकाळ दोनदा व्हायची. एकदा सूर्य बुडायचा तेव्हा, आणि मग थोड्या वेळाने, वर भरकटणाऱ्या फुटक्या उपग्रहांचा चुरा त्याच बुडालेल्या सूर्याचं उरलंसुरलं ऊन पकडायचा तेव्हा. निवतीच्या किनाऱ्यावर या दुसऱ्या संध्याकाळचा रुपेरी उजेड पडला की माडांना पुसट सावल्या यायच्या आणि पाणी दुधासारखं दिसायचं. पोरांना आभाळ मुळातच असं असतं असं वाटे.

यशवंत मेतरांना ते आभाळ कधीच आवडलं नाही. चाळीस वर्षं मचव्यावर तांडेलकी केलेला हा माणूस. माणसं, जाळी आणि परतीची वाट, सगळ्याची जबाबदारी त्यांच्या एकट्याच्या डोक्यावर असायची. उपग्रह एकमेकांवर आपटून फुटले आणि खोल समुद्रातल्या माणसाशी बोलणं महाग झालं. जे थोडे उपग्रह तगले, त्यांच्या वाट्याला एवढ्या नावा यायच्या की एकेका नावेला चिमूटभर वेळ मिळे. आणि अशा दिवसांत त्यांची एकुलती एक मुलगी शलाका शिडाच्या होडीतून एकटी निघाली होती. निवतीहून मॉरिशसला वळसा आणि परत, साठ दिवस, मध्ये कुठेही किनाऱ्याला पाय न लावता. नियमानुसार होडीला एकच संदेशयंत्र मिळणार होतं. कुठलं घ्यायचं, ते बापलेकीने ठरवायचं होतं.

दूरसंदेश केंद्राच्या डॉ. सुनेत्रा ऐनापुरे दोन्ही यंत्रं घेऊन मेतरांच्या पडवीत येऊन बसल्या. सोलकढीचा पेला हातात धरून त्यांनी आधी जुनं यंत्र समजावलं. ते दर आठ दिवसांनी अर्धं मिनिट आवाज पोचवी, सोबत होडीचा ठावठिकाणा. मधले आठ दिवस काही नाही.

दुसऱ्याचं नाव त्यांनी ‘फरकाची पेटी’ असं सांगितलं. अशा दोन पेट्या असतात, एक होडीवर आणि एक घरी. निघण्याआधी तीन महिने दोन्ही पेट्या घरात ठेवायच्या. त्या बापलेकीचं बोलणं ऐकतात, त्यांच्या सवयी शिकतात, वाऱ्याचे आणि प्रवाहांचे अंदाज तर त्यांच्या पोटात असतातच. मग दोन्ही पेट्या वेगवेगळ्या ठिकाणी बसून एकच हिशेब करतात, आज होडी कुठे असेल, आणि शलाका काय लिहील. अंदाज बरोबर आला तर होडीवरची पेटी आभाळात काहीच पाठवत नाही, कारण घरच्या पेटीवर तेच शब्द आधीच उमटलेले असतात. चुकला, तरच तेवढा फरक पाठवायचा. असा फरक आला की घरच्या पेटीवरचा हिरवा दिवा लागतो. उलट दिशेनेही तसंच, म्हणून प्रत्येक पेटी दोघांच्याही बोलण्याचा अंदाज बांधत असते.

यशवंतांच्या कपाळावरच्या आठ्या जाईनात, तेव्हा ऐनापुरेबाईंनी विचारलं, “घरी चहा आला आणि तुम्ही मुकाट्याने प्यालात, तर शलाका काय समजते?”

“साखर बरोबर आसा म्हणान.”

“आणि कमी पडली तर?”

“मगे बोलतंय.”

“झालं तर. ही पेटीही तेवढंच करते. फक्त तुमचं ते न बोलणं ती तुम्हाला वाचून दाखवते. रोज संध्याकाळी.”

रोज या शब्दावर यशवंत विरघळले. त्यांचा धाकटा भाऊ अकरा दिवस बेपत्ता होता आणि बाराव्या दिवशी नुसतं वल्हं सापडलं होतं. ते अकरा दिवस त्यांच्या छातीत अजून तसेच बसलेले होते. शलाकाचा कौल मात्र जुन्या यंत्राला होता. ती दोन दिवस वाद घालत राहिली, शेवटी म्हणाली, “माका तुमचो आवाज होयो, आबा. अर्धा मिनिट पुरे.”

“आठ-आठ दिस तुझो पत्तो नाय, ह्या माका झेपूचा नाय.”

तिने बापाच्या तोंडाकडे पाहिलं आणि पेटीला होकार दिला.

तीन महिने त्या पेट्या स्वयंपाकघराच्या फळीवर शेजारी शेजारी बसून बापलेकीचं सगळं ऐकत होत्या. त्यात पेट्यांनी एक गोष्ट फार पक्की शिकून घेतली. मचव्यांवरची माणसं वायरलेसवर कधी खरं दुखणं सांगत नाहीत. सगळं बंदर ऐकत असतं, घरच्या बाईच्या जिवाला घोर लागतो, म्हणून इंजिन बंद पडो नाहीतर कुणाचं बोट तुटो, किनाऱ्याला एकच वाक्य येतं, ‘सगळा बरा आसा.’ यशवंतांनी ते चाळीस वर्षं म्हटलं होतं. शलाका ते ऐकत वाढली होती. ताप अंगावर घेऊन ती बापाला जेवायला वाढी, आणि गुडघा धरून बसलेला बाप पाय बरा आहे असं सांगे. दोघांनाही आपण खोटं बोलतो असं कधी वाटलं नाही. त्याला ते माया समजत.

जानेवारीत ती निघाली. पहिले काही दिवस यशवंत पेटीसमोर दुसऱ्या संध्याकाळची वाट पाहत बसत. तो रुपेरी उजेड पडवीत शिरला की काचेवर अक्षरं उमटत. वारा ईशान्येचा, भात शिजला, उडते मासे होडीत पडले. खाली ती होडी कुठे आहे ते दाखवणारा ठिपका, दर दिवशी थोडा दक्षिणेला सरकलेला. ते उत्तर लिहीत, आणि मग त्यांना वाटे, आपण घरातच नाही, त्या पाण्यावर तिच्या शेजारी टेकून बसलो आहोत. इतकं सुख त्यांना कित्येक वर्षांत झालं नव्हतं. दिवा लागत नव्हता. न लागलेला दिवा म्हणजे सगळं ठीक, हे त्यांनी शेजारपाजाऱ्यांनाही समजावून सांगितलं होतं.

अकराव्या दिवशी त्यांच्या छातीत कळ आली. शेजाऱ्यांनी कुडाळच्या इस्पितळात नेलं. त्यांनी पेटी पिशवीतून सोबत घेतली, आणि नळ्या लावलेल्या हाताने संध्याकाळी लिहिलं, सगळा बरा आसा, तू जेवलंस? उत्तर आलं, जेवलंय, वारो बरो आसा. ते गालात हसले आणि झोपले.

मार्चमध्ये शलाका परत आली ती साठ दिवसांनी, ठरल्या दिवशी. बंदरावर ढोल होते, हार होते. यशवंत पुढे झाले आणि त्यांना तिचा डावा हात दिसला. करंगळी आणि शेजारचं बोट आत वळून तळव्याला चिकटली होती, आणि त्यांवरची कातडी काळपट, ताणलेली. तेविसाव्या दिवशी शिडाच्या दोरात हात सापडला होता. पेटीवरचं मदतीचं लाल बटण तिने दाबलं नव्हतं. हात उरावर बांधून ती सदतीस दिवस होडी हाकत आली. त्यांनी का नाही कळवलंस असं विचारलं, तेव्हा ती थकलेल्या आवाजात म्हणाली, “तुमका सांगून काय करतलास? पोवत येतलास?”

डॉक्टर म्हणाले, पहिल्या आठवड्यात उपचार झाले असते तर बोटं वाचली असती. आता नाही.

यशवंत दुसऱ्याच दिवशी केंद्रावर गेले. ऐनापुरेबाईंनी होडीवरच्या पेटीची नोंदवही उघडली. साठ दिवसांत आभाळात एकही शब्द गेला नव्हता. तिचा नाही, त्यांचाही नाही. दोघांनी जे जे लिहिलं, ते दोन्ही पेट्यांना आधीच ठाऊक होतं. तेविसाव्या दिवसापाशी बाईंचं बोट थांबलं. जोराचा हिसका, होडी दोन तास बिनहाताची, नंतर एकाच हाताने सुकाणू धरल्याच्या खुणा. पेटीने निष्कर्ष काढला होता, इजा झाली असावी. त्याखाली होतं, ती सांगणार नाही. त्याच दिवशी चाळीस मैलांवरून एक मालवाहू जहाज गेलं होतं.

घरच्या पेटीची नोंदवहीही केंद्रात उतरलेली होती; तिच्यात अकराव्या दिवसाखाली यशवंतांचं नाव होतं. कुडाळहून लिहिताना त्यांची बोटं अडखळली, तेवढ्यावरून पेटीने ताडलं होतं, प्रकृती बरी नाही, सांगणार नाही.

“मगे पेटीक ठाऊक होता, तर सांगल्यान कित्याक नाय?”

बाईंनी नोंदवही मिटली. “मेतरकाका, ती फक्त फरक सांगते,” त्या म्हणाल्या. “आणि तुम्ही दोघंही अगदी तुमच्यासारखे वागलात.” मग त्यांनी कबूल केलं की जुन्या यंत्राच्या त्या अर्ध्या मिनिटाच्या आवाजात यशवंतांनी लेकीचा श्वास ऐकला असता. कुठल्याही बापाला तो पुरला असता.

परतताना एसटीत त्यांनी मनाशी ठरवलं, आता खरं बोलायचं. छातीतली कळ सांगायची, आणि पेटी आपल्या हट्टापायी घेतली, तुझी बोटं मी घालवली, तुझ्याशी खोटं बोलायला मीच शिकवलं, हेही सांगायचं. आयुष्यात एकदा तरी. वाक्यं त्यांनी वाटेत दहा वेळा जुळवली. म्हाताऱ्याला रडू येत होतं आणि हलकंही वाटत होतं.

घरी पोचले तेव्हा दुसरी संध्याकाळ उतरली होती. भिंती, भांडी, शलाकाचे केस, सगळं त्या उजेडात तरंगल्यासारखं दिसत होतं. ती पाटावर बसून एका हाताने वांगं चिरत होती. तिच्यासमोरच्या फळीवर घरची पेटी होती. ती बंद करायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

यशवंत तिच्यासमोर, फळीकडे पाठ करून बसले. “शलाका, माका तुका एक सांगूचा आसा.”

तिने मान वर केली, पण नजर बापाच्या चेहऱ्यावर आली नाही. साठ संध्याकाळी बाप बोलू लागला की जिकडे पाहायची सवय लागली होती, तिकडेच, त्यांच्या खांद्यावरून पलीकडे, पेटीच्या काचेवर ती गेली. डोळे डावीकडून उजवीकडे सरकू लागले, ओळीमागून ओळ, सावकाश. मग ते भरून आले. तिने सुरी खाली ठेवली आणि चांगल्या हाताने त्यांचा गुडघा थोपटला.

“कळला, आबा,” ती म्हणाली. “सांगू नकात.”

यशवंतांनी अजून त्यापुढचा एकही शब्द उच्चारला नव्हता.