पांढऱ्या लेबलची रेकॉर्ड

पहिल्या दिवशी ती पट्टी अकरा मिलिमीटर रुंद होती. रेकॉर्डवरची शेवटची खाच संपते तिथपासून मधल्या कागदी लेबलच्या कडेपर्यंतची, गुळगुळीत काळी पट्टी. सुईला आत नेणारी एक विरळ रेघ सोडली तर तिच्यात काही नसतं. आवाज तर नसतोच. आम्ही संग्राहक तिला डेड वॅक्स म्हणतो. प्रयोगशाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली मी ती तीन ठिकाणी मोजली आणि सरासरी काढली. नवी रेकॉर्ड हाती आली की मी ती डिस्टिल्ड वॉटरने धुते, मोजते, नव्या पाकिटात घालते आणि वहीत तिची नोंद करते. या रेकॉर्डची नोंद मात्र मी केली नाही.

मी विद्यापीठात धातूंच्या पृष्ठभागांचा अभ्यास करते आणि गेली सतरा वर्षं हेवी मेटल आणि हार्डकोअर पंकच्या रेकॉर्ड जमवते. या दोन गोष्टी एकत्र ऐकल्या की बनारसमधलं कुणीही माझ्याकडे पुन्हा एकदा बघतं. निनादने तसं बघितलं नाही. आम्ही शाळेत एका वर्गात होतो. तो रामघाटावरच्या घनपाठ्यांच्या, पिढ्यान्‌पिढ्या वेद मुखोद्गत म्हणणाऱ्यांच्या, घरातला. चौदाव्या वर्षापर्यंत शाळा सांभाळून वडिलांच्या पाठशाळेत बसलेला, पुढे बँकेत लागलेला. फिनलंडहून, जपानहून आमच्या रेकॉर्ड एकाच पार्सलमध्ये येत. पोस्टातल्या बाबूंनी एकदा कस्टमने फोडलेल्या पार्सलमधलं कव्हर पाहिलं. कवट्या, ज्वाळा, एक अर्धवट जळालेला हात.

"मैडम, ये मणिकर्णिका का फोटो बिलायत वाले काहे छापते हैं?"

"उनके यहाँ घाट नहीं है न, बाबूजी," निनाद म्हणाला. "कल्पना से काम चलाते हैं."

त्याचा बँड होता. नाव विटाळ. सोवळ्याच्या घरातल्या मुलाने हे नाव ठेवलं तेव्हा त्याचे वडील, काशीनाथकाका, एवढंच म्हणाले, "निदान उच्चार तरी शुद्ध करा." कारण बँडमधले बाकीचे दोघे हिंदी बोलणारे. त्यांच्या तोंडी ते 'विटाल' व्हायचं.

विटाळची एकच रेकॉर्ड निघाली, सात इंची, दोनशे प्रती. लेबलं कोरी पांढरी, त्यावर कचहरीजवळच्या शिक्केवाल्याकडून करून घेतलेला रबरी शिक्का निनादने स्वतः मारलेला. बाहेरदेशी जिथे त्या छापल्या त्या कारखान्याने आधी पाच नमुना-प्रती पाठवल्या होत्या. याला टेस्ट प्रेसिंग म्हणतात; त्या ऐकून पसंत केल्या की मग बाकीच्या निघतात. निनादने त्या नापसंत केल्या. गाणं घरीच ध्वनिमुद्रित केलेलं, ते संपल्यावर माइक चालू राहिला होता, आणि स्वयंपाकघरातल्या बायकोला त्याने मारलेली हाक त्यात आली होती. "अंबे, दूध बघ." मग हसणं. कारखान्याने ते कापून पुन्हा छापलं. निनादने नमुने मोडायला घेतले. चार मोडले. एक अंबिकेने मोडू दिला नाही. त्याच्यावरही तोच शिक्का बसला. वेगळेपण फक्त डेड वॅक्समध्ये होतं: कारखान्यातल्या कुणीतरी हाताने खरडलेला तीनचा आकडा.

गेल्या वर्षी सप्टेंबरमध्ये निनाद डेंग्यूने गेला. चार दिवसांत. अंबिका पाच महिन्यांची गरोदर होती.

डिसेंबरमध्ये तिने मला बोलावलं. "ताई, मला यातलं काही समजत नाही. कुठली ठेवायची, कुठली कुणाला द्यायची, तूच सांग." तीनशे बारा रेकॉर्ड होत्या. यादी करायला मी पाच रविवार गेले. तिसऱ्या रविवारी ती खाली काकांना वाढायला गेली असताना मी माझ्या पिशवीतून विटाळची माझी साधी प्रत काढली आणि पांढऱ्या पाकिटातल्या त्या नमुना-प्रतीशी बदलली. पाकीट त्यांचं, रेकॉर्ड माझी. वीस सेकंद लागले असतील. हे पाप आमच्यातल्या सगळ्यांना ठाऊक असतं, आणि सगळे ते दुसऱ्या कुणी केलेलं म्हणून सांगतात. जगात एकच उरलेली वस्तू आपल्याकडे असावी, एवढंच मला हवं होतं. तो आवाज आपल्याकडे असावा असं काही नव्हतं. हे मी स्वतःला बऱ्याचदा सांगितलं आहे.

फेब्रुवारीत, मुलीच्या बारशाला, अंबिकेने मला जिन्यापाशी गाठलं. मुलीचं नाव इरावती ठेवलं होतं.

"ताई, ती प्लेट लावली मी. शेवटी तो बोलायचा ना? आता बोलतच नाही."

मी म्हणाले, "अंबिका, आठवण म्हणजे रेकॉर्ड नव्हे. दर वेळी आठवताना मेंदू ती नव्याने लिहितो. दुःखात तर भर घालतोच. यावर बरंच संशोधन झालंय."

"म्हणजे तो बोललाच नव्हता?"

"घरात बोलला असेल. प्लेटवर नसेल."

तिने मान हलवली. "तू शिकलेली. माझंच दिमाग चालत नसेल."

काशीनाथकाका पलीकडे पाटावर बसले होते. "मला त्या आरडाओरड्यात रस नाही," ते म्हणाले. "पण शेवटी निनाद एक श्वास घेत असे. आता घेत नाही."

"काका, टर्नटेबलचा बेल्ट सैल झाला की वेग बदलतो, त्यामुळे..."

"पाठ चुकत नसतो, विद्युल्लता. पोथी चुकते."

त्याच दिवशी सांगून टाकायचं मी ठरवलं होतं. घुगऱ्यांचा द्रोण हातात होता. तो संपवला आणि घरी आले.

जुलैपर्यंत मी ती रेकॉर्ड लावली नाही. मग एका रविवारी, जेवण झाल्यावर, लावली. गाणं एक मिनिट अठ्ठेचाळीस सेकंदांचं. ते संपलं. "अंबे, दूध बघ." हसणं. मग काका म्हणाले होते तो श्वास. मी सुई उचलायला हात पुढे केला, तेवढ्यात निनाद म्हणाला, "बरं."

हा शब्द त्याने कधी सांगितला नव्हता, पण असेल, असं मी धरून चालले.

पुढच्या रविवारी 'बरं'नंतर सहा सेकंद काही नव्हतं. मग, "खालचा का? ताप येईल थोडा."

मी रेकॉर्ड प्रयोगशाळेत नेली. पट्टी १०.३ भरली. पुन्हा मोजली. काय आहे ते न सांगता एका सहकारी बाईंना मोजायला लावली. त्यांचाही आकडा तोच आला. खाच कोरायची तर प्लास्टिक काढून टाकावं लागतं, कडेला कुठेतरी कीस राहतो. इथे नव्हता. नव्या खाचा जुन्यांइतक्याच खोल होत्या, तेवढ्याच अंतराने, आणि तीनच्या आकड्याचा वरचा भाग त्यांच्याखाली गेला होता. रेकॉर्डचं वजन मी सुरुवातीला केलं नव्हतं, ही माझी चूक.

ऑगस्टमध्ये गंगा चढली. रामघाटाच्या पायऱ्या बुडाल्या, खालच्या गल्ल्यांत नावा चालू लागल्या. त्या रविवारी रेकॉर्डवर निनाद म्हणाला, "कुठवर आलंय?" आणि नऊ सेकंदांनी, "बाबांना वरच्या खोलीत आण. ऐकायचे नाहीत. मी सांगितलंय म्हण."

गाण्यात घसा फाटेपर्यंत ओरडणारा तो आवाज इथे बोलण्याचा होता, घरातला. कुठल्याही खोलीत बोललेल्या शब्दाला खोलीचा थोडा तरी घुमारा असतो. भिंती असतात, त्यांच्यावरून आवाज परत येतो. मी हेडफोन लावून ऐकलं. याला घुमारा नव्हता. अजिबात नव्हता.

मधल्या रिकाम्या जागा चार सेकंदांच्या, नऊ सेकंदांच्या असत. समोरच्याचं ऐकून घ्यावं तशा. त्या जागांत मी काही बोलले नाही. बोलावंसं मात्र वाटे.

"इरा रांगते? कुठपर्यंत?" हे सप्टेंबरात. ती रेकॉर्ड चार वर्षांपूर्वी कोरलेली होती.

मी ऐकत राहिले. दर रविवारी, जेवणानंतर. हे लिहायला जड जातं. भीती वाटत होती, पण पुढच्या वेळी तो काय म्हणेल याची ओढ भीतीपेक्षा मोठी होती. त्याच्या वर्षश्राद्धाला मी रामघाटावर गेले. अंबिकेने आग्रह करून मला दोन वडे जास्त वाढले. "खा ताई, तुझ्याइतकं त्याच्यासाठी कुणी केलं नाही." मी खाल्ले. घरी येऊन हात धुतले आणि रेकॉर्ड लावली.

ऑक्टोबरचा दुसरा रविवार. बाकी सगळं जुनं वाजून झालं. मग एवढंच:

"नको."

अकरा सेकंद.

"नको ना."

पुन्हा अकरा सेकंद. आणि तो ओरडला. गाण्यातलं त्याचं ओरडणं पाठशाळेत शिकलेल्या श्वासावर तोललेलं असे. श्वास कुठे घ्यायचा हे त्याला पक्कं ठाऊक होतं. हे तसं नव्हतं. याच्यात श्वास कुठेच नव्हता.

मला वाटलं, मलाच म्हणतोय. ऐकू नको म्हणतोय. मी सुई उचलली, पट्टी मोजली, २.३, आणि रेकॉर्ड कपाटात ठेवून कुलूप लावलं.

आठ दिवस लावली नाही. नवव्या दिवशी सकाळी फक्त मोजायला काढली.

०.१.

दोन खाचांमधलं अंतर एवढंच असतं. म्हणजे एका फेऱ्याची जागा. पंचेचाळीसच्या वेगाने एक फेरा सव्वा सेकंदाहून थोडा जास्त. तीनचा आकडा आता कुठेच दिसत नव्हता.

मी रेकॉर्ड पिशवीत घातली आणि दुपारी निघाले. मैदागिनपर्यंत टोटो रिक्षा, पुढे पायी. ठठेरी बाजार, चौखंभा. रामघाटाच्या वरच्या पायऱ्यांवर अजून पंपाने पुराचा गाळ धुणं चालू होतं. चपला हातात घेऊन मी वर चढले.

अंबिकेच्या खोलीत दोन सुटकेस उघड्या होत्या. इरावती चादरीवर बसून एका पाकिटाचा कोपरा चघळत होती.

"ये ताई. पसारा आहे, बस कुठेतरी. सोमवारचं तिकीट आहे. ग्वाल्हेरला, आईकडे."

"किती दिवस?"

"आता तिकडेच." तिने एका झबल्याची घडी घातली. "काका जा म्हणतात. तोंडाने म्हणतात. सकाळपासून संहिता म्हणायला बसलेत खाली. दोनदा अडखळले. काका! अडखळले!"

खालून त्यांचा आवाज येत होता.

"कधी ठरवलंस?" मी विचारलं.

ती ओशाळून हसली. "तू हसशील. तुझ्या सायन्समध्ये बसत नाही."

"सांग."

"ती प्लेट लावते ना मी दुपारची. तो बोलत नाही, माहीत आहे, तूच तर समजावलंस. पण संपली की मग मीच बोलते. जूनपासून चाललंय माझं हे. इराला दात आला, सांगितलं. पाणी चढलं, सांगितलं. काकांना वर आणायचं मला सुचलंच नाही तेव्हा, खालीच राहिले दोन दिवस, खोकला धरला त्यांना. बस, असंच काहीबाही. पागलपणा."

पिशवी माझ्या मांडीवर होती. मी तिचे बंद धरून बसले.

"दसऱ्यापासून एकच विचारतेय. जाऊ का? रोज. कधी कधी दिवसातून चार-पाचदा. म्हटलं, नको असेल तर काहीतरी कर रे. एखादा आवाज कर. ओरड. ओरडायला तर येतं ना तुला." तिने झबलं सुटकेसमध्ये ठेवलं आणि त्यावरून हात फिरवला. "सुई नुसती फिरते. मग म्हटलं, उत्तर नाही म्हणजे हो."

इरावतीने पाकीट सोडलं आणि माझ्याकडे बघितलं.

"आत्ता, तू यायच्या आधी, पुन्हा लावली," अंबिका म्हणाली. "म्हटलं, हे शेवटचं विचारते. यानंतर नाही विचारणार."

खाली काकांचा पाठ थांबला होता.

मी पिशवीचे बंद सोडले.

"अंबिका, तुझी आठवण बरोबर होती. डिसेंबरात ती प्लेट मी बदलली. खरी माझ्याकडे आहे, या पिशवीत. तो बोलतो. तू विचारतेस त्याची उत्तरं देतो. मी ऐकलीयत."