सातवी चौकट

ताई त्या दिवशी खिदिरपूरलाच का उतरली? एस्प्लनेडला तिचं ऑफिस, बेहालाला आमचं घर, मधे एकच बस. उतरायचं काही कारण नव्हतं. बाबांना विचारलं, पोलिसांना विचारलं, तिच्या ऑफिसात जाऊन भांडूनही आलो. कुणी सांगितलं नाही. उतरली, रस्त्याच्या मधोमध जाऊन थांबली आणि कंटेनरची गाडी आली, एवढंच सगळ्यांना माहीत.

मी आठवीत शाळा सोडली. पंख्यांच्या जळालेल्या मोटरींत नवी तार भरतो. तिची वेबसाइट दुरुस्त करायला घेतली, कारण रविवारी दुकान बंद असतं आणि आई दिवसभर ताईच्या चपलांकडे बघत बसते.

कालिंदीताईने कॉलेजात असताना हौसेने ती केली होती, कलकत्त्याचे फोटो टाकायला. नोकरी लागल्यावर नऊ वर्षं तिकडे फिरकली नाही. फोटो जिथे साठवले होते ती फुकटची जागा बंद पडली. उरली सात पानं. प्रत्येक पानावर एक रिकामी चौकट, चौकटीत तिने लिहिलेली एक ओळ आणि खाली 'फोटो: कालिंदी'.

पासवर्ड तिच्या वहीत सापडला. बाकीचं कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्या सुमितने शिकवलं. मी ठरवलं, ओळ वाचायची, तिथे जायचं, तसाच फोटो काढून बसवायचा आणि खाली माझं नाव घालायचं. खोटं नको. पुढचं पान आधी उघडायचो नाही. ताईचं लवकर संपू नये, म्हणून.

पहिली ओळ होती, 'एस्प्लनेड. ट्राम उभी. कंडक्टर चहा पितोय.' गेलो, तर तसंच. म्हटलं, कंडक्टर चहा पितातच.

पाच पानं अशीच भरली. मी पोचायचो तेव्हा ओळीतलं सगळं तयार असायचं. एकदाही थांबावं लागलं नाही.

सहावी ओळ: 'आई गॅलरीत. डाव्या हाताला प्लास्टर.'

आई आठच दिवसांपूर्वी बाथरूममध्ये पडली होती.

"आई, तुझा हात आधी कधी मोडला होता?"

"नाही रे. हे पहिल्यांदाच. का?"

"काही नाही. इकडे बघ."

सुमितने इंटरनेटवर साठून राहिलेल्या साइटच्या जुन्या प्रती काढून पाहिल्या. "नऊ वर्षांपूर्वीच्या प्रतीतही हीच ओळ आहे," तो म्हणाला.

"नीट बघ ना, टकल्या."

"तीनदा बघितलं, बाबा." त्याने आवाज खाली आणला. "सातवं पान... उघडू नकोस."

मी तिथेच उघडलं.

'खिदिरपूर. ऋषभ बसमधून उतरतोय.'

ऋषभ म्हणजे मी. खिदिरपूरला मी जन्मात उतरलो नव्हतो. आणि उतरणारा मी, तर फोटो काढणार कोण? तरी रागाच्या भरात चौकटीखाली माझं नाव घातलं आणि घरी येऊन निळा शर्ट चढवला.

"कुठे निघालास?" आईने विचारलं.

"तांब्याची तार आणायला."

"त्या बाजूला नको जाऊस रे..."

दुपारचे चार वाजले होते. बसमध्ये डिझेलचा आणि ओल्या गोणपाटाचा वास. कंडक्टर "खिदिरपूर, खिदिरपूर" ओरडला. फोन खिशातच होता. एक पाय खाली ठेवला आणि मला हसू फुटलं. ताई फोटो काढताना नेहमी दटावायची, "हसू नकोस हं, माकडा," आणि मी फिस्सकन हसायचो. अगदी तसंच. ताई गेल्यापासून तीन महिन्यांत पहिल्यांदा. लाज वाटली. समोर गाड्या धावत होत्या. रस्त्यात कुणीच उभं नव्हतं.

परतीच्या बसने घरी आलो. सातवं पान काढून टाकावं म्हणून उघडलं.

चौकट भरलेली होती.

बस. निळ्या शर्टातला मी. एक पाय खाली, दात दिसतायत. फोटो फूटपाथवरून काढलेला नव्हता. रस्त्याच्या मधोमध उभं राहून काढलेला होता. पासवर्ड माझ्याशिवाय कुणाकडे नाही.

 आतून आईची हाक आली.

"ऋषभ... कोण आलंय रे? कोणाशी बोलतोयस?"

मी एक शब्दही बोललो नव्हतो.

फोटोखालचं माझं नाव पुसलं. तिथे 'फोटो: कालिंदी' लिहिलं आणि सेव्ह केलं.