हयातीचा ठिपका

"अगं, हे पान आहे का धुतलेलं धोतर? नुसतं पांढरं!" बायजाआत्या इंदुमतीच्या कानाशी पुटपुटली. प्रयोगशाळेत मोठ्यानं बोलू नये एवढा पोच तिला होता. गप्प मात्र बसवत नव्हतं.

"परत बघ, आत्या. उजवीकडे हिरवा ठिपका येतो."

"तुझ्या डोळ्यात येत असेल, बाई."

इंदुमती खोब्रागडे नागपूरच्या या प्रयोगशाळेत संकेतस्थळं तपासायची. पदवी नव्हती, वीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधता शोधता शिकली होती. आत्याचे दोन्ही डोळे कृत्रिम, पहिल्या पिढीतले. संकेतस्थळ दाखवणारा न्याहाळक दृष्टिपटलातच, थेट मज्जातंतूला शिवलेला. तो बदलायचा म्हणजे शस्त्रक्रिया, आणि एक्क्याऐंशीव्या वर्षी ती करायला एकही डॉक्टर धजत नव्हता.

शहराचं 'नागरिकद्वार' उघडून दर तीन महिन्यांनी त्या ठिपक्याकडे पाहिलं, की हयातीची नोंद होई. नाही पाहिलं, तर माणूस मृत धरला जाई आणि त्याच्या ओळखीचा कुणी गैरवापर करू नये म्हणून कृत्रिम दृष्टिपटल दुरून बंद केलं जाई. आत्याची मुदत आज पाचला संपत होती. चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

"इंदूताई, तपासणीच्या अहवालावर सही करा की," समोर बसलेले डहाके म्हणाले. नागरिकद्वार त्यांनीच बांधलं होतं. "जुना न्याहाळक यापुढे चालला नाही तरी हरकत नाही, एवढंच तर लिहायचंय."

"सर, संकेतस्थळं लिहायची सामायिक जालमानकं कशासाठी आहेत? पान सगळ्यांच्या नियमानं लिहिलं, तर कुठलाही न्याहाळक ते वाचतो. तुम्ही नव्याच्या लकबी धरून लिहिलंत."

"नवा वेगवान आहे. आणि जुने वापरणारे उरलेत किती? सुबोध, सांग."

संख्याशास्त्रज्ञ सुबोध रंगारी पडद्याकडे पाहत म्हणाला, "मागच्या वर्षी एक्केचाळीस हजार. आता तीनशे अकरा."

"वय झालेली माणसं, ताई. निसर्गक्रम आहे."

"एका वर्षात?"

डहाक्यांनी चष्मा पुसला. मग आवाज मऊ केला. "तुमच्या आत्यांची नोंद मी हातानं करून देतो. आत्ता. तुम्ही सही करा."

आत्या टेबलावरच्या बशीवर वाकली होती; तिला चिवडा दिसत होता, त्यातले शेंगदाणे वेचून खात होती. पाचनंतर तिला बशीही दिसणार नव्हती. पेन हातात होतं. एक रेघ ओढायची, बस.

"ही मोजणी करतं कोण?" तिनं विचारलं.

"पानच करतं. उघडलं की आकडा वाढतो."

"आणि ज्याला उघडतच नाही?"

"तो येत नाही मोजणीत," सुबोध हळूच म्हणाला.

"मग त्यानं तक्रार कुठे करायची?"

"नागरिकद्वारावर," डहाके म्हणाले आणि स्वतःच थांबले.

"घरच्यांनी केली तर?"

"मृताच्या वतीनं तक्रार घेता येत नाही. तसा नियम आहे."

आत्या वेचता वेचता म्हणाली, "इथं मला मेलेली म्हणतायत का कुणी?"

इंदुमतीनं पेन खाली ठेवलं. "सुबोध, पान अर्धवट मागितलं तरी यंत्रणेत खूण राहते. ती काढ."

"ताई, ते कशाला आता..."

"काढ रे, बाबा."

आलेख पडद्यावर आला. तीन महिन्यांपूर्वी नवं पान सुरू झालं, तेव्हा रोज चाळीस हजार जुने न्याहाळक पान मागत होते. दिवसातून पाच-पाच, दहा-दहा वेळा. मग एकेकाची मुदत संपत गेली, त्या त्या तारखेला तो आकडा पायरीपायरीनं उतरत गेला. निसर्ग असा तारखा पाळत नाही. हा आलेख डहाके आणि सुबोध या दोघांनी आधीही पाहिला होता, हे त्यांच्या खाली गेलेल्या माना सांगत होत्या.

"दृष्टिपटल बंद झाल्यावर मागणार कसे?" डहाके म्हणाले. "म्हणजे आकडा उतरला तो..."

साडेचार झाले होते.

सुबोध उठून उभा राहिला.

"सर, ती माणसं मेली नाहीत," तो म्हणाला. "आपण त्यांना आंधळं केलंय."