मागच्या सीटवरचा गारवा

ही गोष्ट खरी आहे.

मला ओळखणारे आता हसतील. हसा. जन्मभर थापा मारल्यावर माझ्या शपथेला कोण विचारतो? पण एवढंच सांगतो, ही गोष्ट माझ्या डोक्यातून निघाली असती तर मी तिचा शेवट बरा केला असता.

आणि हे रात्री घडलेलं नाही. ऐन उन्हाळ्यात, भर दुपारी, हॉस्पिटलकडे जाणाऱ्या पुलावर घडलंय.

बायको मोठ्या आजारातून उठली होती. उठली खरी, पण अंगाला घाम येणंच बंद झालं. जरा उकडलं की अंग तापत जायचं, डोळे फिरायचे. डॉक्टरांनी बजावलं, "काका, पुन्हा असं झालं तर माझ्या हातात काही राहणार नाही. उन्हात अजिबात काढू नका." आणि लगेच दर आठवड्याला दुपारची तपासणी लावून दिली! आता डॉक्टरांशी कोण भांडणार?

म्हणून गाडी घेतली. जुनी होती, पण एसी असा की चालवून बघून खाली उतरलो तर चष्म्यावर वाफ.

पहिल्याच फेरीला पुलावर गाड्या तुंबल्या आणि...

गारवा गेला.

पंखा चालू. आवाज चालू. गाडीची मात्र भट्टी.

पुढच्या काचेतून ऊन येतं म्हणून ही मागे, माझ्या पाठीशी बसली होती. "अहो..." एवढंच म्हणाली. आरशात पाहिलं तर चेहरा लालबुंद. मी काचा उघडल्या, पाण्याची बाटली मागे दिली, हॉर्न वाजवत बसलो. दुसरं करणार काय?

पूल संपला... आणि गाडी आपोआप गार झाली.

गाड्यांचे एसी दुरुस्त करणारा एक जण माझ्या ओळखीचा आहे. सगळे त्याला बर्फ्या म्हणतात, कारण कितीही कटकट करा, त्याचं डोकं तापत नाही. त्याने गॅस तपासला. पाइपांना साबणाचं पाणी लावून गळती शोधली. वायरी हलवून पाहिल्या. एसी दिवसभर सुरळीत चालला.

"काका, गाडी ठणठणीत आहे."

"तुझ्यासमोर आहे रे. नव्या सुनेसारखी वागतेय."

पुढच्या फेरीला पुन्हा तेच. या वेळी ही बोललीसुद्धा नाही. नुसती मान टाकली.

बर्फ्या म्हणाला, "मधूनच बिघडणारी गाडी गॅरेजात सापडत नाही, काका. रस्त्यावरच पकडावी लागते. नेहमी जसे बसता तसेच बसा. मी येतो."

तो माझ्या शेजारी बसला. एसीच्या जाळीत त्याने थर्मामीटर खोचला. ही मागे, तिच्या शेजारची सीट रिकामी.

पुलावर उकाडा सुरू झाला.

बर्फ्या थर्मामीटरकडे बघतच राहिला.

"काका... हवा तर गार येतेय."

मी जाळीपुढे हात धरला. बर्फासारखी! हात जरा मागे नेला तर गरम.

"मग जाते कुठे?"

बर्फ्याने मागे वळून हिच्या शेजारच्या रिकाम्या सीटवर हात ठेवला...

आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. बोटं पांढरी पडली होती.

"सेन्सरचं काहीतरी असेल," तो म्हणाला. पण माझ्याकडे न बघता.

तरी पठ्ठ्या हटला नाही. तुंबलेल्या गर्दीतच खाली उतरला आणि मागे त्या सीटवर जाऊन बसला. दार लागलं आणि सगळी गाडी गारेगार. "हुश्श!" ही म्हणाली. मी टाळी वाजवायची तेवढी बाकी ठेवली होती.

हॉस्पिटल आलं. बर्फ्याने उतरल्यावर मला बाजूला घेतलं.

"काका, ही गाडी माझ्याकडे परत आणू नका."

"अरे, पण बिघाड काय आहे?"

"मी बसलो ना..." तो थांबला. "तेव्हा कोणीतरी सरकून मला जागा दिली."

हसावं म्हणून मी तोंड उघडलं. हसू आलं नाही.

घरी येऊन आधीच्या मालकाला फोन लावला. एसीचा कधी त्रास होता का, विचारलं.

"एसी? मी तर कधी लावलाच नाही."

"अहो, उन्हाळ्यात?"

"गाडी गारच असायची..." मग हळूच त्याने विचारलं, "मागे कोण बसतं?"

"बायको."

फोन कट.

पुढच्या तपासणीला मी टॅक्सी बोलावली. आली नाही. दुसरी बोलावली, तीही नाही. दारात उभ्या उभ्या हिचं अंग तापायला लागलं. शेवटी गाडी काढली. रिकाम्या सीटकडे बघायचं नाही, असं ठरवलं होतं.

पुलावर... तेच.

आरशात हिचे डोळे फिरताना दिसले. मग ती हळूहळू शेजारच्या सीटकडे सरकायला लागली.

"अगं, तिथं नको!"

"मग कुठं?" ती म्हणाली.

मी नुसता हॉर्न दाबत राहिलो.

ती तिथं बसली आणि गाडी गार झाली.

तेव्हापासून हिला एकदाही चक्कर आली नाही. डॉक्टर खूश. "काका, काय जादू केलीत?" मी काय सांगू?

कारण आता ही दिवसभर गाडीतून उतरत नाही. सकाळी उठते, चहा घेते आणि अंगणात उभ्या गाडीत जाऊन बसते. काचा बंद. वर रणरणतं ऊन. बंद गाडीत माणूस भाजून निघेल. मी घाबरून दार उघडतो तर आतून थंडगार झोत अंगावर येतो. हात धरून ओढलं तर हिचा हात दगडासारखा गार. चिडून म्हणते, "घरात मरायला नेताय का मला?"

घरात खरंच तिचं अंग तापतं. मग मीच तिला पुन्हा गाडीत आणून बसवतो.

आज दुपारीही गेलो. बॉनेटला हात लावला, उन्हाने तापलेलं. इंजिन बंद. चावी माझ्या खिशात. काचांवर बाहेरून दव धरलेलं. मी हळूच दार उघडलं.

"चल ना गं घरात. थोडा वेळ तरी."

तिने ओठांवर बोट ठेवलं. दुसऱ्या हाताने ती मांडीवर कुणाला तरी थोपटत होती. मांडी रिकामी होती... पण साडी मधोमध दबलेली.

"हळू बोला," ती म्हणाली. "आत्ता कुठं डोळा लागलाय. आणि दार लावा, ऊन येतंय."

मी काय केलं असेल?

आवाज न करता दार लावलं.