कडुनिंबाखालची इटालियन

“चे नाही… के.”

मी दचकून मागे वळले. जानेवारीतली सकाळ, जळगावातलं कॉलेजजवळचं झेरॉक्सचं दुकान. माझ्या हातात इटालियन व्याकरणाची शंभर पानं आणि तोंडात सतत चाललेली पुटपुट. मागे एक मुलगा उभा होता. चौकड्यांचा शर्ट, उन्हाने रापलेला चेहरा, हातात दवाखान्याची जाडजूड फाइल.

“मघापासून ऐकतोय,” तो म्हणाला. “सी-एच-ई लिहिलं की तिकडे ‘के’ म्हणतात.”

“तुम्हाला इटालियन येतं?”

“येतं म्हणजे… गायींना कळेल इतकं.”

मला हसू आवरेना. त्याने फाइल काउंटरवर ठेवली आणि नाव विचारलं. मी सांगितलं, चेलना. तो क्षणभर विचारात पडला आणि मग गालात हसला.

“मग तिकडे तुम्ही केल्ना होणार. तयारी ठेवा.”

त्याचं नाव प्रेमराज. अमळनेरजवळच्या गावचा. इटलीत, क्रेमोनापासून जवळच एका गोठ्यात त्याने चार वर्षं काम केलं होतं. वडिलांना, चिंधा आबांना, अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा मिळेल ते विमान पकडून तो परतला होता. आता दर मंगळवारी आणि शुक्रवारी आबांना फिजिओथेरपीसाठी जळगावला आणायचा. आबा आत असले की त्याचा एक तास रिकामा.

आणि मी? सराफाची मुलगी. इटलीतच, विचेन्झाला दागिने घडवण्याचा दोन वर्षांचा कोर्स होता, त्यासाठी सप्टेंबरमध्ये जायचं होतं. परत येऊन दुकानात बसायचं, या बोलीवर पप्पांनी परवानगी दिली होती. मला सगळे तक्ते पाठ होते. कोणता काळ, कोणता अर्थ, कोणता प्रत्यय, झोपेतून उठवलं तरी सांगितलं असतं. पण साधं ‘पाणी द्या’ म्हणायची वेळ आली की जीभ टाळूला चिकटायची.

प्रेमराजचं नेमकं उलटं होतं. तो धबधब्यासारखा बोलायचा, पण क्रियापदांना काळच नसायचा. “काल मी जाणे बाजार. उद्या मी जाणे बाजार.” बस्स.

“मला एक पत्र लिहायचंय,” त्या दिवशी तो म्हणाला. “ऑर्नेलाबाईंना. गोठा त्यांचा होता. मी न सांगता निघून आलो… एक वर्ष झालं. माझी जागा त्यांनी अजून भरलेली नाही म्हणे. पत्र नीट गेलं पाहिजे. तुम्ही मला काळ शिकवा, मी तुम्हाला बोलायला शिकवतो.”

असा आमचा व्यवहार ठरला. दवाखान्याबाहेर कडुनिंबाखाली एक सिमेंटचा बाक होता. आज तिथे पार्किंगचे पिवळे पट्टे आहेत. झाड आहे, बाक नाही. परवा मी मुद्दाम रिक्षा थांबवून पाहून आले.

पहिल्याच आठवड्यात त्याने मला पोट धरून हसवलं. भूतकाळ चालला होता. तो ऐटीत म्हणाला, “सोनो आंदाता.”

“काय म्हणालात?”

“मी गेलो.”

“तुम्ही ‘मी गेले’ म्हणालात! बाईने म्हणायचं असतं ते. पुरुषाने आंदातो.”

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. “चार वर्षं… चार वर्षं मी बाई म्हणून बोलत होतो? ऑर्नेलाबाई बोलायच्या तसंच मी म्हणायचो. कोणी सांगितलं पण नाही!”

“त्यांना आवडलं असेल.”

“आणि तुम्हाला?” तो पटकन म्हणाला, आणि लगेच वहीत डोकं घातलं.

गंमत म्हणजे मराठीत आम्ही ‘तुम्ही’ होतो, आणि इटालियनमध्ये पहिल्या दिवसापासून ‘तू’. गोठ्यात दुसरं सर्वनाम त्याने ऐकलंच नव्हतं. त्यामुळे इटालियन सुरू झालं की माझं बसणंही बदलायचं… थोडंसं जवळ.

कधी आबांचं लवकर आटोपायचं. काठी टेकत ते बाहेर यायचे आणि आमच्यामध्ये बसायचे. “पोरी, तुनं नाव काय शे?” दर वेळी विचारायचे. मी दर वेळी सांगायचे. मग ते माझ्या वहीतली अक्षरं बराच वेळ न्याहाळायचे, जणू पिकावरची कीड बघताहेत.

मार्चमध्ये आम्ही अपूर्ण भूतकाळापर्यंत आलो. मी म्हटलं, “हा सोपा आहे. शाळेत आपण रीतिभूतकाळ शिकलो ना, तोच. एकदा घडलं ते नव्हे. रोज घडायचं ते.”

“मुंजेवो,” तो सावकाश म्हणाला. “मी दूध काढत असे.”

“बरोबर. पुढे?”

तो पुढे बोलत राहिला. पहाटे धुकं असे. गायींच्या नाकपुड्यांतून वाफ निघत असे. ऑर्नेलाबाई खिडकीतून हाक मारीत, आणि तो हात पुसत पायरीवर बसून कॉफी पीत असे. तेव्हा त्याला अमळनेरची आठवण येई… आणि आता इथे बसून तिथली येते. एकही प्रत्यय चुकला नाही. मी लाल पेन हातात धरून नुसती ऐकत राहिले. आजवर तक्त्यात पाठ केलेला तो काळ पहिल्यांदाच कोणाच्या तरी आवाजात ऐकत होते. त्याच्या मनगटावर दोरखंडाचा जुना वळ होता. मी तो बघतेय हे त्याला कळलं. त्याने हात मागे घेतला नाही.

एप्रिलमध्ये ऊन असं तापलं की बाकावर बसण्याआधी त्यावर पाणी मारावं लागे. आम्ही संकेतार्थावर होतो. असं झालं असतं तर तसं झालं असतं.

“तुम्ही झेरॉक्सला आला नसतात तर?” त्याने विचारलं.

“तर मी आजही ‘चे’ म्हणत असते.”

“आणि मी बाई राहिलो असतो.”

त्याच दिवशी माझी पाण्याची बाटली संपली. भरून घ्यायला मी दवाखान्यात गेले. रिसेप्शनवर कोकिळाताई होत्या.

“आबांचं अजून किती वेळ चालेल?” मी सहज विचारलं.

“कोणाचं? चिंधा आबांचं?” त्यांनी चष्मा वर केला. “त्यांची ट्रीटमेंट संपून महिना होईल गं. घरीच व्यायाम करतात आता.”

बाटली भरून वाहायला लागली तरी माझं लक्ष नव्हतं.

मी बाहेर आले. तो वहीत काहीतरी खोडत होता.

“आबा आत आहेत?”

“हो… म्हणजे…” त्याने माझ्याकडे पाहिलं आणि पेन खाली ठेवलं. “नाहीत.”

“महिनाभर तुम्ही एकटे येताय? या उन्हात, गाडीवर, अमळनेरहून?”

“पत्र अर्धं राहिलं होतं ना.”

“प्रेमराज.”

“पत्र तसं गेल्याच आठवड्यात झालंय,” तो खाली बघत म्हणाला. “दाखवायचं धाडस होत नव्हतं.”

घडी घातलेला कागद त्याने माझ्या हातात दिला. मी लाल पेन उघडलं. खरं सांगते, इतके दिवस मनातल्या मनात मी एक चित्र रंगवत होते. आबा बरे झालेत. त्याची जागा रिकामी आहे. क्रेमोनाहून विचेन्झा काही लांब नाही, रविवारी रेल्वेने येता येईल. बोलले कोणाजवळच नव्हते.

पत्रात त्याने लिहिलं होतं की वडील आता चालतात, पण शेत त्यांच्याने होणार नाही. धुळ्याहून त्याने दोन गायी आणल्या आहेत, आणखी आणणार आहे. तुम्ही मला मुलासारखं सांभाळलंत. माझी जागा दुसऱ्या कोणाला द्या. आणि शेवटी साध्या भविष्यकाळात – नॉन तोर्नेरो. मी परत येणार नाही.

मी दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचलं. एकही चूक नव्हती… आणि मला एक तरी चूक हवी होती.

“बरोबर आहे?” त्याने विचारलं.

“बरोबर आहे,” मी म्हटलं, आणि पेनाला टोपण लावलं. टोपण लागेना.

त्यानंतरही तो येत राहिला. पत्र गेलं होतं, आबा बरे होते, कारण उरलं नव्हतं. मीही विचारलं नाही. आम्ही उरलेले काळ आणि अर्थ पुरवून पुरवून शिकलो, शाळेतली मुलं सुट्टीतला शेवटचा आठवडा जपून वापरतात तसे.

सप्टेंबरच्या पहिल्या शुक्रवारी आम्ही शेवटचे भेटलो. रविवारी माझी मुंबईची गाडी होती. कडुनिंबाखाली ओल होती. त्याने रुमालाने बाक पुसला.

“विध्यर्थ राहिलाय,” तो म्हणाला. “घरी करून आलोय. दोन वाक्यं आहेत. तपासा.”

तो ताठ बसला, मुलाखतीला बसावं तसा. आणि इटालियनमध्ये, माझ्या डोळ्यांत बघत, म्हणाला,

“वोल्यो के तू वादा.” तू जावंस, असं मला वाटतं.

“आणि दुसरं?”

“वोर्रेई के तू रेस्तास्सी.”

तू थांबली असतीस तर… मला आवडलं असतं.

रस्त्यावरून एक एसटी खडखडत गेली. मग त्याने मराठीत विचारलं, “कुठलं बरोबर आहे?”

“दोन्ही,” मी म्हटलं. “दोन्ही बरोबर आहेत.”

“मग पहिलं ऐक.”

मराठीत तो मला पहिल्यांदाच ‘तू’ म्हणाला होता. मी त्याच्या मनगटावरच्या त्या वळावर बोट ठेवलं. बराच वेळ ठेवलं. मग उठले, आणि गेले.

विचेन्झात सगळे मला केल्ना म्हणायचे. पाणी मागताना जीभ अडली नाही. प्रेमराज रविवारी फोन करायचा. मी भट्टीवरच्या सोन्याचं, घरच्यांचं, पप्पांच्या खाण्यापिण्याच्या नेमांचं सांगायचे, तो नव्या वासराचं. लग्नाचं नाव दोघांनीही काढलं नाही. मी मारवाडी जैन, तो पाटील. ते आम्हाला कोणी शिकवायची गरज नव्हती.

दुसऱ्या हिवाळ्यात पप्पांनी इंदूरचं एक स्थळ सुचवलं. तेव्हा मी सगळं सांगून टाकलं. एका दमात, रडत, मराठी-मारवाडी एकत्र करून. पप्पांनी फोन ठेवला. तीन आठवडे आईच बोलायची.

मग एका बुधवारी दुपारी पप्पांचाच फोन आला. मी कार्यशाळेतून बाहेर, थंडीत येऊन उभी राहिले.

“काल अमळनेरला गेलो होतो,” ते म्हणाले. “त्यांच्या घरी. कळवलं नव्हतं.”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“पोचलो तेव्हा पाच वाजत आले होते. मी मोतीलाल, एवढंच सांगितलं. तो मुलगा आत गेला, आईशी काही बोलला. मला वाटलं, आता दिवस मावळेपर्यंत वेळ लावतील, मग मला उपाशी उठावं लागेल. तर अर्ध्या तासात ताट समोर. मुगाची दाळ, भाकरी, तूप. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही.” ते जरा थांबले. “सूर्य अजून शेताच्या वर होता, चेलना. मी कोणाला काही सांगितलं नव्हतं.”

“पप्पा…”

“त्याच्या आईने विचारलं, दाळ फिकी तर नाही ना झाली? घाबरली होती बिचारी.” पलीकडे त्यांनी खाकरून घसा साफ केला. “परीक्षा कधी संपते तुझी?”

“जूनमध्ये.”

“मग जूनचंच तिकीट काढ,” पप्पा म्हणाले. “आणि त्या बाईंना कळव, दाळ चांगली झाली होती. मला तेव्हा बोलायला सुचलं नाही.”